अल्बिन वेगा २७: लांबच्या समुद्रप्रवासासाठी पैसे साठवणाऱ्या दोघांच्या नजरेतून

शिडाच्या बोटीवर राहून वर्षानुवर्षे समुद्रप्रवास करायचा असे ज्या जोडप्याने ठरवले आहे आणि त्यासाठी जे आपला पसारा आवरून दरमहा पैसे बाजूला टाकत आहेत, त्यांना किती वर्षे बचत करावी लागेल हे मुख्यतः बोटीच्या लांबीवर ठरते. माझा नवरा आणि मी अनेक जुन्या बोटी पाहून, त्यांच्या तळघरात डोकावून आणि हिशेबाचे कागद पुन्हापुन्हा मांडून अखेर अल्बिन वेगा २७ घेतली. तिच्यावर आम्ही सुट्ट्या काढल्या, वादळी रात्री काढल्या, आणि आता कायमचे निघण्याची वेळ जवळ आली असताना तिच्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते. शर्यतीसाठी किंवा शनिवार-रविवारच्या सहलीसाठी ही बोट कशी आहे याचा विचार या परीक्षणात नाही. मर्यादित पैशांत दोन माणसांना तिच्यावर दीर्घकाळ राहता येईल का आणि समुद्र ओलांडता येईल का, एवढ्याच कसोटीवर मी तिला तपासले आहे.

पेर ब्रोहॉल या स्वीडिश आरेखकाने ही बोट रचली आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापासून १९७९ पर्यंत ती बांधली जात होती. या काळात ३,४०० हून अधिक वेगा पाण्यात उतरल्या, आणि आमच्यासारख्यांच्या दृष्टीने हा आकडा फार मोलाचा आहे, कारण बोट इतक्या मोठ्या संख्येने बांधली गेली की तिचे दुखणे काय, ते कुठे असते आणि त्यावर उपाय कोणता हे सारे मालकांमध्ये माहीत झालेले असते व सुटे भागही शोधले तर मिळतात. तिची लांबी ८.२५ मीटर (सत्तावीस फूट), रुंदी २.४६ मीटर आणि पाण्याखालची खोली १.१७ मीटर आहे. वजन साधारण २,३०० किलो असून त्यातले ९०० किलोंहून अधिक वजन कीलमध्ये, म्हणजे तळाखाली उतरलेल्या कण्यात, बसवलेल्या बॅलास्टचे (तोल राखणाऱ्या जड भाराचे) आहे. म्हणजे एकूण वजनाचा चाळीस टक्के भाग पाण्याखाली सर्वांत खोल जागी आहे, आणि कलंडलेली बोट पुन्हा सरळ होण्याची खात्री या प्रमाणातून येते.

बोटीच्या मजबुतीबद्दल मी वेगळे काही सांगण्याची गरज नाही. मॅट रदरफर्ड या अमेरिकन खलाशाने ‘सेंट ब्रेंडन’ नावाच्या जुन्या वेगा बोटीतून २०११-१२ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडचा बर्फाळ सागरी मार्ग, नॉर्थवेस्ट पॅसेज, पार केला, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्नला वळसा घातला आणि दोन्ही अमेरिका खंडांची एकट्याने, कुठेही न थांबता ३०९ दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण केली. मात्र असे पराक्रम बोटीचे कवच भक्कम असल्याचे सिद्ध करतात. दोघांच्या संसाराला ती पुरते का, या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही. त्यासाठी जोडप्यांकडेच पाहावे लागते. एरिक आणि सुझन हिस्कॉक यांनी १९५२ ते १९५५ या काळात ‘वाँडरर थ्री’ या तीस फुटी बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि लिन व लॅरी पार्डी यांनी १९६८ मध्ये पाण्यात उतरवलेल्या ‘सेराफिन’ या सुमारे चोवीस फुटी, इंजिन नसलेल्या बोटीवर वर्षानुवर्षे संसार केला. आजच्या मरीनात, म्हणजे बोटी उभ्या करण्याच्या बंदरात, चाळीस फुटांखालची बोट जोडप्याला अपुरी आहे असे सर्रास ऐकू येते, तेव्हा ही दोन उदाहरणे मनाशी धरून ठेवण्यासारखी आहेत.

आता खर्चाकडे वळते, कारण आमचा निर्णय तिथेच झाला. बोट दीडपट लांब झाली की खर्चही दीडपट होईल असे वाटते, पण तसे होत नाही. सगळी मापे दीडपट केली तर तळाचे क्षेत्रफळ सव्वादोनपट होते आणि वजन तिपटीहून बरेच अधिक होते. तळाला शेवाळ आणि शिंपले लागू नयेत म्हणून लावायचा रंग क्षेत्रफळाच्या हिशेबाने लागतो. नांगर, साखळी, दोर, दोर ओढायचे विंच आणि डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा या साऱ्यांची ताकद वजनाच्या हिशेबाने वाढवावी लागते. मरीनाचे भाडे लांबीवर आकारले जाते, बोट क्रेनने बाहेर काढण्याचे शुल्कही बहुतेक ठिकाणी लांबीवरच असते. बोट घेतानाची किंमत एकदाच द्यायची असते. हे बाकीचे खर्च मात्र दर वर्षी येतात आणि प्रवासाला निघाल्यावर, पगार थांबल्यावरही येतच राहतात. वेगा बोटीची शिडे मिळून साधारण तीस चौरस मीटर भरतात, म्हणजे ती दोन हातांनी ओढता येतात, एकट्याला गुंडाळता येतात आणि फाटली तर घरगुती शिलाई मशीनवर बऱ्याच अंशी दुरुस्त करता येतात. तळ घासून रंगवण्याचे काम आम्ही दोघेच करतो, त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. मोठ्या बोटीवर हीच कामे माणसे लावून करून घ्यावी लागली असती, आणि त्या मजुरीत आमची बचत वर्षागणिक विरघळली असती.

बोटीच्या आत शिरल्यावर मात्र पहिली प्रतिक्रिया अरुंदपणाचीच होते, आणि ती खोटी नाही. पुढच्या टोकाला दोघांसाठी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा बिछाना, त्यामागे एका बाजूला शौचालय आणि समोर कपड्यांचे कपाट, मग मधल्या केबिनमध्ये समोरासमोर दोन बाक आणि शिडीच्या पायथ्याशी छोटा ओटा, एवढाच हा संसार आहे. मध्यम उंचीचा माणूस केबिनमध्ये कसाबसा ताठ उभा राहतो, उंच माणसाला मान वाकवूनच वावरावे लागते. समुद्रात असताना पुढच्या बिछान्यावर झोपता येत नाही, कारण लाटांवर बोटीचे ते टोक सर्वांत जास्त उसळते. त्या वेळी मधले दोन बाकच कामाला येतात आणि माणूस खाली घरंगळू नये म्हणून त्यांच्या कडेला कापडी पडदा ताणून बांधावा लागतो. एक जण पहाऱ्यावर असताना दुसरा झोपतो, त्यामुळे प्रवासात जागेची अडचण तितकी जाणवत नाही. ती जाणवते नांगर टाकून दोघे आत बसलेले असताना, बाहेर दिवसभर पाऊस पडत असताना. अशा दिवसांत एकाने उठायचे म्हणजे दुसऱ्याने पाय आवरायचे हा नियम पाळावाच लागतो, आणि ज्या जोडप्याला हे आताच नकोसे वाटते त्याने या मापाच्या बोटीच्या वाटेला जाऊ नये असे मी अगदी मनापासून सांगेन.

याच अरुंदपणाने आमचे घरचे काम मात्र सोपे केले. बोट घेतल्यावर आम्ही बाकाखालचे खण मोजले. बोटीचा तळ वळणदार असल्यामुळे प्रत्येक खण खाली जाताना आतल्या अंगाला निमुळता होत जातो, आणि वरून मोजलेल्या जागेत मावेल असे वाटणारे सामान प्रत्यक्षात मावत नाही. म्हणून नवऱ्याने जाड पुठ्ठ्याचे तुकडे त्या उताराप्रमाणे कापले, एकेका खणाच्या नेमक्या आकाराच्या पेट्या तयार केल्या आणि त्या घरी आणून भिंतीलगत मांडल्या. त्यानंतर घरातली कोणतीही वस्तू ठेवायची की द्यायची हा वाद आम्ही केला नाही; ती पेटीत मावते का आणि मावली तर तिच्यासाठी काय बाहेर काढावे लागेल, एवढेच पाहिले. कपड्यांच्या पेटीत लोकरीचे आणि लवकर वाळणारे कपडे राहिले, जाड सुती कपडे गेले, कारण खाऱ्या पाण्याने भिजलेले सुती कापड पूर्ण वाळत नाही, त्यातले मीठ हवेतला ओलावा पुन्हा शोषून घेते. पुस्तकांच्या कपाटाची जागा एका वाचनयंत्राने घेतली. हत्यारांची पेटी मात्र आम्ही घरी होती त्याहून मोठी केली, आणि त्याबद्दल मला जराही संकोच वाटत नाही.

सामान कमी झाले तसे मोठ्या घराचे कारणही उरले नाही. आम्ही लहान जागेत राहायला गेलो, गाडी विकली, दरमहा आपोआप कापली जाणारी वर्गण्यांची यादी काढून एकेक बंद केली, आणि दोघांपैकी एकाच्या पगारात घर चालवून दुसऱ्याचा पगार वेगळ्या खात्यात टाकण्याची शिस्त लावून घेतली. यातला शेवटचा निर्णय बाकी सगळ्यांपेक्षा अधिक परिणामकारक ठरला, असे माझे स्पष्ट मत आहे. महिनाअखेर उरेल ते साठवू असे म्हटले की काही उरत नाही. पगाराच्या दिवशीच रक्कम हलवली की उरलेल्यात भागवण्याची सवय लागते, आणि प्रवासात नेमकी हीच सवय लागणार असते.

पाण्यावर ही बोट कशी वागते याबद्दल दोन गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. अरुंद बांध्यामुळे ती वारा लागताच चटकन कलते आणि नवख्या माणसाला धास्ती वाटते, पण ठरावीक कोनापर्यंत कलल्यावर बॅलास्टचे वजन जोर धरते आणि ती तिथेच घट्ट टिकते. वारा वाढतो आहे असे दिसताच मुख्य शीड लवकर लहान करावे. त्याने वेग फारसा कमी होत नाही आणि सुकाणूवरचा ताण मात्र लगेच हलका होतो. दुसरी गोष्ट अशी की तिची कड पाण्यापासून फार उंच नाही, त्यामुळे समोरून लाटा येत असताना कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणू धरून बसण्याच्या उघड्या जागेत, बसणारा भिजतो. शिडीच्या तोंडाशी ताडपत्रीचा आडोसा उभारणे ही आम्ही केलेल्या सर्वांत समाधानकारक सुधारणांपैकी एक आहे.

पाण्याच्या रेषेवरची लांबी सुमारे सात मीटर असल्यामुळे तिचा कमाल वेग साडेसहा नॉटच्या (तासाला साडेसहा समुद्री मैलांच्या) आतच राहतो, आणि भरल्या बोटीने दिवसाला शंभर समुद्री मैल धरून चालणे शहाणपणाचे आहे. अटलांटिक ओलांडून कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंतचे, व्यापारी वाऱ्यांच्या (एकाच दिशेने सतत वाहणाऱ्या वाऱ्यांच्या) वाटेवरचे अंतर साधारण २,७०० समुद्री मैल आहे, म्हणजे जवळपास चार आठवडे. एका माणसाला पिण्यासाठी आणि रांधण्यासाठी दिवसाला तीन लिटर पाणी धरले आणि विलंब होईल असे समजून चाळीस दिवसांचे पाणी घेतले, तर दोघांना २४० लिटर लागते, आणि हे पाणी बोटीच्या स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक भरते. त्यावर शिधा, इंधन, हत्यारे, सुटे भाग आणि आपण दोघे. वेगा बोटीच्या मर्यादेची खरी जाणीव या आकडेमोडीत होते. तिला जागा कमी पडण्याआधी वजन जास्त होते. आठ मिलिमीटरची पन्नास मीटर साखळी सुमारे सत्तर किलोंची होते आणि ती सारी पुढच्या टोकात ठेवली की बोट नाक खाली घालून चालू लागते. म्हणून आम्ही तीस मीटर साखळी आणि पुढे जाड नायलॉनचा दोर अशी तडजोड केली. खडकाळ किंवा प्रवाळाच्या तळावर दोर घासून तुटू शकतो, म्हणून तिथे नांगर टाकताना साखळीच्या लांबीतच भागेल असा उथळ थांबा शोधावा लागतो. तिची पाण्याखालची खोली कमी असल्यामुळे असे थांबे तिला मिळतातही.

दोघांच्या प्रवासात झोप हीच सर्वांत दुर्मिळ गोष्ट असते, म्हणून विंडवेन या यंत्राबद्दल स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. वाऱ्याची दिशा ओळखणारे एक हलके पाते आणि पाण्यात सोडलेले वल्ह्यासारखे दुसरे पाते यांच्या जोडणीतून ते बोट वाऱ्याच्या ठरलेल्या कोनात चालवते. बोट मार्गावरून ढळली की वरचे पाते कलते, खालचे पाते फिरते, आणि वाहत्या पाण्याचा जोर दोरांमार्फत सुकाणूचा दांडा ओढतो. त्याला वीज लागत नाही आणि वारा वाढला की त्याची ताकदही वाढते. वेगा बोटीला चाकाऐवजी साधा दांडा असल्यामुळे दोर बांधणे सोपे जाते. विंडवेन नसेल तर प्रत्येकाला दिवसातले बारा तास दांडा हातात धरून बसावे लागेल, आणि दोन माणसांना हे आठवडाभरसुद्धा झेपणार नाही. वारा मागून आणि मंद असताना मात्र हे यंत्र गोंधळते, तेवढ्यापुरते विजेवर चालणारे लहान स्वयंचलित सुकाणू जवळ असावे. नवे विंडवेन महाग असते, जुने घेतले तर बुशिंग आणि बेअरिंग हे झिजणारे भाग बदलून ते उत्तम चालते. हाती थोडेच पैसे असतील तर ते प्रथम इथे घालावेत असे मी आग्रहाने सांगेन.

विजेच्या बाबतीत आम्ही फ्रिज ठेवलाच नाही. एलईडी दिवे, जीपीएस, रेडिओ आणि मोठ्या जहाजांची चाहूल देणारा एआयएस ग्राहक यांना एक सौर पॅनेल पुरते. फ्रिज आला की गरज कितीतरी पटींनी वाढते, मग पॅनेल वाढते, बॅटऱ्या वाढतात, वजन वाढते आणि त्या साऱ्याची देखभालही वाढते.

आता दोषांबद्दल. या बोटी पन्नाशीच्या आसपास पोहोचल्या आहेत आणि वेगा पाहायला जाणाऱ्याने सर्वप्रथम डोलकाठीखालची तुळई तपासावी. डोलकाठी डेकवर उभी असते आणि तिचा सारा भार केबिनच्या आतली आडवी तुळई पेलते. वर्षानुवर्षांच्या दाबाने ही तुळई खचते आणि तिच्यासोबत डेकही दबते. डोलकाठीच्या पायथ्याशी डेकवर सरळ पट्टी आडवी ठेवून खाली फट दिसते का ते पाहावे, मग आत येऊन मधल्या दाराची उघडझाप करावी. दार चौकटीला वरच्या बाजूने घासत असेल, तिथला रंग किंवा व्हार्निश खरवडले गेले असेल, तर तुळई बसली आहे असे समजावे. ही दुरुस्ती माहितीची आहे, घरच्या घरी करता येते, पण तिचा खर्च आणि वेळ किमतीतून वळता करूनच सौदा करावा. खिडक्यांच्या अॅल्युमिनियमच्या चौकटींतून पाणी झिरपणे हेही या वयाच्या बोटींत नेहमीचे आहे. खिडकीखालच्या अस्तरावर तपकिरी ओघळ दिसले की काय ते कळते. डोलकाठीच्या तारा कधी बदलल्या याची पावती विक्रेत्याकडे नसेल तर त्या बदलायच्याच आहेत असे धरावे. इंजिनाच्या बाबतीत मूळ रचना वेगळी होती: गिअरबॉक्सऐवजी बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याच्या पात्यांचा कोन बदलून बोट पुढे-मागे नेली जाई. ही युक्ती कल्पक आहे, पण तिचे जुने भाग मिळवताना दमछाक होते, त्यामुळे पुढे कोणी साधे छोटे डिझेल इंजिन बसवले असेल तर त्या बोटीला थोडे अधिक मोजायला हरकत नाही.

स्वतंत्र सर्वेक्षकाकडून तपासणी करून घेण्याचा खर्च मात्र कुठेही वाचवू नये, आणि तो सर्वेक्षक विक्रेत्याने सुचवलेला नसावा. चांगला सर्वेक्षक फायबरग्लासवर हातोडीने ठोकत ठोकत सगळी बोट फिरतो. भरीव जागी टणत्कार येतो आणि थर सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो. शक्य असेल तर त्याच्यासोबत स्वतः फिरावे. त्या काही तासांत बोटीबद्दल जे कळते ते लेखी अहवालातून तितके कळत नाही.

ज्यांना मुले सोबत न्यायची आहेत, ज्यांना बोटीवर बसून रोज कार्यालयीन काम करायचे आहे, ज्यांच्याकडे वरचेवर पाहुणे राहायला येणार आहेत, त्यांना वेगा पुरणार नाही. उंच माणसांनी तर घेण्याआधी एक दिवस आत राहूनच पाहावे. बाकी ज्या दोघांना कमी सामानात राहायची मनापासून तयारी आहे आणि ज्यांना निघणे लवकर साधायचे आहे, त्यांच्यासाठी या पैशांत इतकी खात्रीची दुसरी बोट मला दिसली नाही.

एक प्रश्न उरतो तो खरेदीच्या वेळेचा. बोट फार आधी घेतली तर तिचे भाडे, विमा आणि रंगकाम बचत खात राहते. अगदी निघताना घेतली तर तिचे दोष भर समुद्रात कळतात आणि दुरुस्तीचा पैसा प्रवासाच्या शिलकीतून जातो. आमच्या अनुभवावरून निघण्याच्या दोन हंगाम आधीची वेळ योग्य वाटते, कारण तेव्हा दोघांचे पगार चालू असतात आणि मोठी कामे त्यांतून उरकता येतात. पहिला हंगाम तुळई, खिडक्या आणि तारा यांच्यासाठी राखून ठेवावा, आणि दुसऱ्यात विंडवेन बसवून किनारा दिसेनासा होईपर्यंत बाहेर जावे, रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या लावाव्यात आणि चाळीस दिवसांचे पाणी भरून बोट कशी चालते ते पाहून घ्यावे.